विद्यार्थ्यांच्या अवकाश प्रकल्पांसाठी समाजनिधी : का, किती आणि कसा?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे ऊस-कांद्याच्या पट्ट्यातले गाव. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे जगातील नामवंत रेडिओ दुर्बिणींपैकी एक, म्हणजे जीएमआरटी उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली आणि जगभरचे शास्त्रज्ञ आज तिच्यावर निरीक्षणासाठी वेळ मागतात. आपल्या भागातली मुले एसटीतून जाताना या तबकड्या बघतच मोठी होतात. पण त्या तबकड्यांच्या आत काय चालते, तिथे काम करायला काय शिकावे लागते आणि तिथवर जायचा खर्च कोण करतो, हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही.

या लेखात आम्ही तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकणारी मुले-मुली उपग्रह, रॉकेट, रोव्हर बनवतात. त्यात आपली मुले किती असतात आणि कमी असतील तर पैशामुळे किती कमी असतात, याचा विचार कार्यकर्त्यांनी करायची वेळ आली आहे. जयंती, वर्षावास, धम्म परिषद यांसाठी वर्गणी गोळा करण्याचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. तोच अनुभव इथे कसा वापरता येईल, याची माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख.

विद्यार्थी अवकाश प्रकल्प म्हणजे काय?

साधारण चार प्रकारचे प्रकल्प महाविद्यालयांत चालतात.

पहिला, छोटा उपग्रह. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी, जॉर्डी प्विग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी, 'क्यूबसॅट' नावाचे माप ठरवले. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर. एवढ्या डब्यात बॅटरी, सौरपट्ट्या, संगणक, रेडिओ आणि एखादे उपकरण बसवायचे. विद्यार्थ्यांना परवडेल असा उपग्रह असावा, हाच त्यामागचा हेतू होता.

दुसरा, कॅनसॅट. शीतपेयाच्या डब्याएवढे उपकरण. ते अवकाशात जात नाही. छोट्या रॉकेटने किंवा ड्रोनने वर नेऊन सोडतात आणि पॅराशूटने खाली येताना ते तापमान, दाब, उंची अशा नोंदी पाठवते. खर्च सर्वांत कमी आणि शिकायला सर्वांत चांगले.

तिसरा, मॉडेल रॉकेट. देशात इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या पुढाकाराने मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची विद्यार्थी स्पर्धा होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. ज्या भूमीवर तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, तिथे देशभरातील विद्यार्थ्यांनी आपापली रॉकेटे उडवली. आपण कुशीनगरला यात्रेसाठी गाड्या करून जातो. पुढच्या वेळी एखादी गाडी विद्यार्थ्यांच्या संघासाठीही निघावी.

चौथा, रोव्हर. मंगळासारख्या ओसाड जमिनीवर चालणारी, माती तपासणारी गाडी. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात विद्यापीठांची रोव्हर स्पर्धा दरवर्षी होते. भारतातील अनेक संघ तिथे जातात. यात यंत्राइतकाच खर्च व्हिसा, विमान आणि मुक्कामावर होतो.

महाराष्ट्राने काय केले आहे?

भारतातला पहिला विद्यार्थी उपग्रह 'अनुसॅट' चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा. तो २० एप्रिल २००९ रोजी पीएसएलव्ही-सी१२ मधून गेला. १२ जुलै २०१० रोजी 'स्टुडसॅट' गेला. त्याचे वजन एक किलोपेक्षाही कमी होते. तो बेंगळुरू आणि हैदराबादच्या सात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून केला होता. एकट्याला झेपत नाही, तर सात जणांनी वाटून घ्यायचे, हा त्यातला धडा आपल्या कामाचा आहे.

महाराष्ट्रासाठी २०१६ हे वर्ष महत्त्वाचे. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच वेळी २० उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्' होता. वजन एक किलोच्या आत. हौशी रेडिओवरून एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. अवकाशात दिशा धरून राहण्यासाठी त्यात वीज न लागणारी चुंबकांची पद्धत वापरली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा सुमारे १० किलोचा 'प्रथम' पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. वातावरणाच्या वरच्या थरातील इलेक्ट्रॉन मोजणे हे त्याचे काम.

या दोन्ही प्रकल्पांना किती वर्षे लागली, हे बघा. 'प्रथम' २००७ च्या सुमारास सुरू झाला, 'स्वयम्' २००८ च्या सुमारास. म्हणजे आठ-नऊ वर्षे. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणापूर्वीच बाहेर पडले होते आणि ज्यांनी शेवट केला ते सुरुवातीला शाळेत होते. एका पिढीने काम पुढच्या पिढीच्या हातात द्यायचे, अशी ही रीत. त्यामुळे या कामाला पैसाही एकदाच भरघोस मिळून उपयोग नाही. तो दरवर्षी, थोडा पण न चुकता मिळावा लागतो.

शाळेच्या पातळीवरही आता हालचाल आहे. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने निवड परीक्षा घेऊन जिल्हा परिषद शाळांतील २५ मुलांना नासा आणि ५० मुलांना इस्रो दाखवण्याचा उपक्रम हाती घेतला. खासगी शाळेत न जाता, गावच्या शाळेत शिकून मुले अमेरिकेतील अवकाश केंद्र बघून येऊ शकतात, हे यातून सिद्ध झाले. इस्रोचा 'युविका' हा नववीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम २०१९ पासून चालतो. निवड झालेल्या मुलांचा प्रवास, मुक्काम, साहित्य सगळे इस्रो देते आणि निवडीत ग्रामीण भागातील शाळांना अधिकचे गुण मिळतात. याची नोंदणी ऑनलाइन असते. विहाराच्या सूचना फलकावर ती तारीख लागली, एवढ्यानेही फरक पडेल.

पैसा कुठे अडतो?

आपल्याकडे एक समज आहे की सरकारी शिष्यवृत्ती आहे, मग अजून काय पाहिजे? याचे उत्तर नीट समजून घ्यावे लागेल.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४० च्या दशकात बाबासाहेबांच्या प्रयत्नातून सुरू झाली. १९९० मध्ये बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. या शिष्यवृत्तीने हजारो घरांचे भविष्य बदलले. पण तिच्यात महाविद्यालयाची फी आणि निर्वाह भत्ता एवढेच येते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, ती राहण्या-जेवणासाठी. बार्टीची फेलोशिप पीएचडी करणाऱ्यांसाठी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जणांना, त्यातल्या ११५ जागा अनुसूचित जातींसाठी.

यात दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीला रोव्हर संघात राहण्यासाठी पैसे कुठून मिळतील? कुठूनच नाही. प्रकल्पाचा खर्च हा रकानाच या योजनांत नाही. महाविद्यालय थोडे देते, कंपन्या थोडे देतात आणि उरलेले अनेक संघांत मुलांनीच वर्गणी काढून भरायचे असते. प्रत्येकी काही हजार. ज्याच्या घरी दोन्ही पालक नोकरीला, तो फोनवरून लगेच पाठवतो. ज्याच्या आईची रोजंदारी कांदा काढणीच्या हंगामावर चालते, तो 'मला अभ्यास जास्त आहे' असे सांगून संघातून बाहेर पडतो. खरे कारण तो कुणाला सांगत नाही. म्हणून ही गळती कुठल्याही अहवालात येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. घर पुण्यापासून दूर, शेवटची एसटी संध्याकाळी, संघाचे काम रात्री प्रयोगशाळेत. पुण्यात खोली घेतली तरच राहता येते. तिसरी अडचण साधनांची. चांगला लॅपटॉप नसेल तर डिझाइनचे सॉफ्टवेअर चालत नाही आणि मग त्या मुलाच्या वाट्याला बॅनर लावणे, सामान वाहणे अशीच कामे येतात. संघात नाव असते, पण शिकायचे ते राहून जाते.

चौथी अडचण पैसा उशिरा येण्याची. उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये आयआयटी धनबादला जागा मिळाली. जागा नक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी गावातून पैसे जमवले, पण ते भरेपर्यंत ऑनलाइन मुदत संपली आणि जागा गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने आपले विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितले. त्या गावाची दानत कमी पडली नव्हती. आधीपासून तयार निधी नव्हता, एवढीच कमतरता होती.

आणि पाचवी गोष्ट, जी आपण विसरू शकत नाही. ज्या वर्षी 'स्वयम्' आणि 'प्रथम' आकाशात गेले, त्याच २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आपल्यातून गेला. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञान लेखक व्हायचे होते. ताऱ्यांवर त्याचे प्रेम होते. शेवटच्या पत्रात त्याने आपली सात महिन्यांची थकलेली फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, कुटुंबाला मिळावी असे लिहिले होते. त्याच्यावर जे आले ते केवळ पैशाचे नव्हते, हे आपण सगळे जाणतो. पण थकलेली फेलोशिप माणसाला किती एकटे पाडते, हेही त्यातून कळते. अशा वेळी विद्यार्थ्याच्या मागे त्याचे गाव उभे आहे, हे त्याला आधीच माहीत असले पाहिजे.

आपला इतिहास काय सांगतो?

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी शिष्यवृत्ती दिली. त्याबदल्यात बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परत यावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेला पैसा, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, असे तीन ठिकाणचे पैसे जोडून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पैसा मध्येच थांबला तर बाबासाहेबांसारख्या विद्वानाचीही तीन वर्षे जातात. आणि मोठे काम सहसा एका दात्यावर होत नाही. बचत, मदत आणि कर्ज असे सगळे एकत्र करावे लागते.

गावाकडचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहासाठी त्यांनी 'मुष्टी फंड' काढला. बायकांनी दळणाच्या वेळी रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे. त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मूठभर धान्याने कुणाचे घर बुडाले नाही, पण शाळा उभ्या राहिल्या.

बाबासाहेबांनीही ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय. धम्मदीक्षेनंतर नागपूरच्या भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले होते. आपण तो भाग देतो का, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला आणि मगच हा लेख लिहायला बसलो.

निधी उभारण्याची पद्धत

आता प्रत्यक्ष काम. एका गावाने करण्यापेक्षा कवठे येमाई आणि शेजारची दोन गावे अशी तीन गावे एकत्र आली तर बरे. हिशेब साधा आहे. तीन गावांत मिळून ३०० घरे धरली आणि प्रत्येक घराने महिन्याला ५० रुपये दिले, तर महिन्याला १५,००० आणि वर्षाला १ लाख ८० हजार रुपये होतात. त्यातून उपग्रह होणार नाही. पण चार-पाच विद्यार्थ्यांची संघातली वर्गणी, एखाद-दोन लॅपटॉप आणि स्पर्धेचा रेल्वे प्रवास एवढे नक्की होते. या रकमेकडे पुन्हा एकदा बघा. रोहितची थकलेली फेलोशिप जवळजवळ एवढीच होती.

१. आधी यादी, मग वर्गणी. आपल्या गावांतील कोण कुठे काय शिकते, याची यादी करा. अभियांत्रिकी, बीएस्सी, पॉलिटेक्निक, आयटीआय सगळे घ्या. आयटीआयचा फिटर किंवा वेल्डर रोव्हरच्या संघात अभियंत्याइतकाच लागतो.

२. जयंतीतून ठरलेला वाटा. १४ एप्रिलच्या वर्गणीतून किती टक्के शिक्षणासाठी, हे उत्सव समितीच्या पहिल्या बैठकीत ठरवा आणि पावती पुस्तकावर छापा. डीजेचे बिल दिल्यानंतर उरले तर शिक्षणाला, असे ठरवले तर कधीच उरत नाही. मिरवणूक बंद करा असे आमचे म्हणणे नाही. ती आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण तीन तासांच्या आवाजाइतका पैसा एखाद्या मुलीच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला मिळावा, एवढे तरी आपण करू शकतो.

३. वर्षावासातील दानपेटी. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. त्या तीन महिन्यांत दर रविवारी एक पेटी ठेवा आणि तिच्यावर ज्या कामासाठी पैसा हवा ते लिहा. 'विद्यार्थी निधी' एवढे मोघम लिहू नका. 'कॅनसॅट संघाचे सेन्सर' असे लिहिले की देणाऱ्याला समजते आणि मुले विचारतात, सेन्सर म्हणजे काय?

४. बचत गटांकडे हिशेब. आमचा अनुभव असा की गावात सर्वांत चोख हिशेब बचत गटाच्या ताया ठेवतात. निधीची वही त्यांच्याकडे द्या. बँक खाते संयुक्त असावे, किमान दोन सह्या लागाव्यात आणि त्यातली एक महिलेची असावी.

५. नोकरदारांचा मासिक हप्ता. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईत स्थायिक झालेले गावचे नोकरदार वर्षातून एकदा मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करतील तर काम टिकते.

६. कंपन्यांचा सीएसआर. रांजणगावची औद्योगिक वसाहत आपल्याच तालुक्यात आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिक्षण त्यात येते. मात्र कंपनी गावच्या मंडळाला थेट पैसे देऊ शकत नाही. संस्था नोंदणीकृत असावी लागते आणि केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे तिची सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. हे नसेल तर विद्यार्थ्याच्या महाविद्यालयामार्फत प्रस्ताव द्यावा.

कायद्याच्या चार गोष्टी

हेतू चांगला असला तरी कागद कच्चा असेल तर काम अडकते. म्हणून हे लक्षात ठेवा.

नोंदणी नसलेल्या मंडळाने लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे हीच परवानगी घेतात. अर्ज ऑनलाइन करता येतो. नंतर हिशेबही द्यावा लागतो.

दात्याला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर संस्थेकडे त्यासाठीची मान्यता पाहिजे. लोक तिला '८०-जी' म्हणून ओळखतात. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही. म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या.

परदेशातील समाजबांधव मदत करायला तयार असतात. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ते विदेशी अंशदान धरले जात नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचे पैसे संस्थेला एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाहीत. अशी रक्कम केवळ ओळखीवर विश्वास ठेवून खात्यात घेऊ नका. पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा. विचारण्यात संकोच नको.

आणि चौथी गोष्ट, रॉकेट आणि फुगे. मॉडेल रॉकेटची मोटर ज्वलनशील असते आणि उंच जाणाऱ्या फुग्याला विमान वाहतुकीच्या परवानग्या लागतात. हे प्रयोग महाविद्यालयाच्या किंवा स्पर्धेच्या देखरेखीखालीच व्हावेत. गावच्या जत्रेत हौस म्हणून करू नयेत.

पैसा देताना पाळायचे नियम

निधी जमवण्यापेक्षा तो वाटणे अवघड असते. नात्यागोत्यातल्या मुलाला आधी दिले, अशी कुजबुज सुरू झाली की पुढच्या वर्षी पेटी रिकामी राहते. म्हणून आम्ही सुचवतो ते असे.

निवड समितीत गावाबाहेरचा एक विज्ञान शिक्षक घ्यावा. अर्ज एका पानाचा असावा : प्रकल्प काय, माझे काम काय, खर्च किती, बाकीचे पैसे कुठून येणार. जमेल तिथे विद्यार्थ्याच्या हातात रोख न देता बिल थेट भरावे. एका विद्यार्थ्याला निदान दोन वर्षे आधार द्यावा, कारण मध्येच सोडले तर आधीचाही पैसा वाया जातो. निधीचा एक हिस्सा कधीच न वाटता राखून ठेवावा. शेवटच्या दिवशी फी भरायची राहिली, अशा वेळी संध्याकाळपर्यंत पैसे गेले पाहिजेत. वार्षिक हिशेब विहाराच्या भिंतीवर लावावा, पाच रुपये देणाऱ्याचे नावही त्यात असावे.

मुलींसाठी वेगळा विचार हवा. प्रयोगशाळेत रात्री थांबायचे असेल तर सुरक्षित खोली हवी. त्यासाठीचा खर्च हा प्रकल्पाचाच खर्च आहे, असे समितीने मान्य करावे.

बदल्यात काय मागायचे? नोकरी लागल्यावर परत द्या, असा लेखी करार करू नये. कर्जाचे ओझे घेऊन कुणी प्रयोग करत नाही. एवढेच मागावे : वर्षातून दोनदा गावी येऊन शाळेतल्या मुलांना आपले काम दाखवायचे. आपल्या भागात बिबट्याची भीती आहे, रात्री मुलांना माळावर नेता येत नाही. मग विहाराच्या किंवा शाळेच्या अंगणात, दिवे बंद करून, मोठ्यांच्या सोबतीने आकाशदर्शन करावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जीएमआरटीचे प्रदर्शन भरते, तिथे गावच्या मुलांची सहल न्यावी आणि माहिती सांगायला आपल्याच निधीतून शिकलेला दादा किंवा ताई असावी.

अपयशाची तयारी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यातले बरेच प्रकल्प फसतात. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतील ७५० मुलींनी 'आझादीसॅट' उपग्रहाची उपकरणे जोडली होती. ७ ऑगस्ट २०२२ रोजी तो इस्रोच्या नव्या एसएसएलव्ही रॉकेटवरून गेला. रॉकेट योग्य कक्षेत पोचले नाही आणि उपग्रह हातचा गेला. मुलींची काही चूक नव्हती. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, 'आझादीसॅट-२' गेला आणि कक्षेत पोचला. पहिल्या अपयशानंतर 'पैसे पाण्यात गेले' म्हणून सगळे गप्प बसले असते, तर दुसरा झालाच नसता.

गावात हे समजावून सांगावे लागेल. दुसऱ्याच्या मुलाचा प्रयोग फसला तर लोक त्याला अनुभव म्हणतात. आपल्या मुलाचा फसला की 'यांना जमत नाही' असे म्हणायला लोक टपलेले असतात. म्हणूनच आपल्या निधीने आपल्या मुलांना चुकायची मुभा दिली पाहिजे. आम्हाला या निधीचे सर्वांत मोठे काम हेच वाटते.

'आधी पोटाचे बघा' म्हणणाऱ्यांना

बैठकीत हा प्रश्न येणारच. घरकुल नाही, हाताला काम नाही आणि तुम्ही उपग्रहाचे काय घेऊन बसलात? प्रश्न चुकीचा नाही. हक्काच्या योजनांसाठीचा लढा थांबवून हा निधी काढा असे आम्ही म्हणत नाही. प्रकल्पांचा खर्च शिष्यवृत्तीत धरावा, ही मागणी समाजकल्याण विभागाकडे आणि बार्टीकडे लावून धरलीच पाहिजे. फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागते, ही शरमेची बाब आहे. समाजनिधी हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही. मागणी मान्य होईपर्यंत मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, एवढ्यापुरता तो आहे.

आणि आकाशाचा पोटाशी संबंध नाही असेही नाही. अवकाळी पावसाचा इशारा उपग्रहावरून येतो. काढून ठेवलेला कांदा झाकायचा की नाही, हे शेतकरी आणि मजूर दोघेही त्यावरून ठरवतात. ते उपग्रह बनवणाऱ्यांत आपली माणसे असावीत, एवढीच इच्छा आहे.

पुढच्या जयंतीची पहिली बैठक होईल तेव्हा विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा : विद्यार्थी प्रकल्प निधी. त्या बैठकीला दोन-तीन शिकणाऱ्या मुला-मुलींना बोलवा आणि त्यांना आधी बोलू द्या. त्यांना काय बनवायचे आहे आणि किती कमी पडते, हे त्यांच्याच तोंडून ऐका. मग पावती पुस्तक काढा.